कालवा निवांत झाला, त्याची गोष्ट

१/
मँचेस्टरपासून यॉर्कशायरमधील सॉवरबी ब्रिजपर्यंत पेनाइन डोंगररांग ओलांडून जाणारा रॉचडेल कालवा आज इंग्लंडमधील देखण्या जलमार्गांत गणला जातो. रंगवलेल्या लांबट नावा, शेवाळलेले दगडी पूल, पाण्यावर वाकलेली झाडे, काठाने सायकली हाकणारी कुटुंबे. अशा छायाचित्रांखाली बहुधा 'शांत', 'निवांत', 'कालातीत' असे शब्द लिहिलेले आढळतात. यांतील तिसऱ्या शब्दाला माझी हरकत आहे आणि हा थ्रेड त्या हरकतीपोटीच लिहितो आहे.

२/
या कालव्याला जन्मतारीख आहे, मृत्यूची तारीख आहे आणि पुनर्जन्माचीही. १७९४ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यास मंजुरी दिली. डिसेंबर १८०४ मध्ये तो पूर्ण झाला. १९५२ मध्ये संसदेच्याच कायद्याने त्यावरील वाहतूक बंद केली. १ जुलै २००२ रोजी तो पुन्हा पूर्ण लांबीने खुला झाला. या प्रत्येक तारखेमागे भांडण आहे, आणि ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून आहे : पाणी कोणाचे?

३/
१७९४ च्या आधी कालव्याचे प्रस्ताव संसदेत फेटाळले गेले होते. विरोध शेतकऱ्यांचा नव्हता, गिरणीमालकांचा होता. तेव्हाच्या गिरण्या ओढ्यानद्यांच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकांवर चालत. कालव्याने ते पाणी पळवले तर चाके थांबणार, ही त्यांची भीती. अखेर कालव्याने आपले पाणी स्वतः साठवावे, त्यासाठी डोंगरात जलाशय बांधावेत, या बोलीवर वाट मोकळी झाली. हे जलाशय लक्षात ठेवा. पुढे गोष्टीचा अर्धा भार त्यांच्यावर आहे.

४/
कालव्याला इतके पाणी का लागते? नाव डोंगर चढते ती लॉकच्या पायऱ्यांनी. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम लाकडी दारे असलेली दगडी कोठी. नाव खालच्या दाराने आत येते, दार बंद होते, वरच्या बाजूची झडप उघडून पाणी आत सोडले जाते, पाण्यासोबत नाव वर उचलली जाते आणि वरचे दार उघडून पुढे सरकते. यंत्र नाही, इंधन नाही, केवळ गुरुत्वाकर्षण. मात्र प्रत्येक खेपेस ती कोठीभर पाणी खालच्या पातळीवर निघून जाते. रॉचडेलचे लॉक रुंद आहेत, सुमारे ७२ फूट लांब आणि १४ फूट रुंद. दहा फुटांची चढण धरली तर एका खेपेला अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी खर्च होते. अशा पायऱ्या किती? ९२.

५/
अभियंता विल्यम जेसप. त्याच्यापुढे पर्याय दोन होते : डोंगराच्या पोटातून लांबलचक बोगदा काढायचा, किंवा डोंगर चढून उतरायचा. शेजारच्या हडर्सफील्ड कालव्याने बोगद्याचा मार्ग धरला आणि तो पूर्ण व्हायला १८११ साल उजाडले. जेसपने चढण पत्करली. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० फूट उंचीवर त्याने माथा गाठला आणि सुमारे ५१ किलोमीटरचा हा कालवा पेनाइन ओलांडणारा पहिला कालवा ठरला. लॉकची चढण एकसारखी ठेवण्याची त्याची युक्ती मला विशेष आवडते : त्यामुळे एका लॉकची दारे दुसऱ्याला बसत. सुट्या भागांच्या अदलाबदलीचा हा विचार अठराव्या शतकाच्या अखेरचा आहे.

६/
खोदकाम कुदळ, फावडे आणि ढकलगाडी यांनी झाले. जलमार्गांना इंग्रजीत 'नॅव्हिगेशन' म्हणत, म्हणून तो खोदणारा मजूर 'नॅव्हिगेटर', आणि त्याचे बोलीतील रूप 'नॅव्ही'. हा शब्द पुढे रेल्वेच्या मजुरांनाही चिकटला. जेसपचे नाव आपण सांगू शकतो, त्या मजुरांची सांगू शकत नाही.

७/
कालवा पूर्ण झाला आणि मँचेस्टरच्या ॲन्कोट्स भागाचा चेहरा बदलला. ॲडम आणि जॉर्ज मरे या स्कॉटिश बंधूंनी १७९८ पासून येथे वाफेवर चालणारी सूतगिरणी उभारली होती. गिरणीच्या चौकातच त्यांनी नावांसाठी खाजगी धक्का बांधून घेतला आणि तो भुयारी मार्गाने रॉचडेल कालव्याशी जोडला. कोळशाने भरलेली नाव थेट गिरणीच्या आवारात! शेजारी मॅककॉनेल आणि केनेडी यांच्या गिरण्या. १८२६ मध्ये प्रशियाचा वास्तुकार कार्ल फ्रीड्रिख शिंकेल येथे आला तेव्हा या सात-आठ मजली विटांच्या भिंती पाहून तो चकित झाला आणि काहीसा धास्तावलाही. त्याने काढलेली रेखाचित्रे आजही उपलब्ध आहेत.

८/
१८३९ साली या कालव्यावरून सुमारे पावणेनऊ लाख टन माल गेला. कोळसा, चुनखडी, लाकूड, धान्य, मीठ, लोकर आणि कापूस. हा कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरे आणि त्याचा फार मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांतून येई. तो वेचणारे हात गुलामांचे होते. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३० च्या दशकात कायद्याने संपली, परंतु ॲन्कोट्सच्या चात्यांवर गुलामांनी पिकवलेला कापूस त्यानंतरही तीन दशके फिरत राहिला. निवांत पाण्याचे छायाचित्र पाहताना ही गोष्ट आठवत नाही. आठवावी असे त्या चित्रात काही उरलेलेही नाही.

९/
मार्च १८४१ मध्ये मँचेस्टर–लीड्स रेल्वे पूर्ण झाली. तिचा मार्ग बहुतांशी कालव्याला खेटूनच जातो. टॉडमॉर्डन येथे तर कालव्याच्या काठावरच रेल्वेची उंच विटांची संरक्षक भिंत चढलेली आहे. कालव्याने दर उतरवले, माल टिकवला, पण उत्पन्न काही वर्षांतच निम्म्यावर आले. कालवा एका दिवसात मेला नाही. तो पुढे जवळजवळ शंभर वर्षे काम करत होता, फक्त त्याच्याकडे कोणी भविष्य म्हणून पाहिले नाही.

१०/
आता आपल्याकडील धागा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला. १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. ही पोकळी मुख्यतः भारतीय कापसाने भरून काढली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, कुठलाही असो, पश्चिम भारतातून येणाऱ्या कापसाला लँकेशायरमध्ये सरसकट 'सुरत' म्हणत. हिंगणघाटच्या कापसाला त्यातल्या त्यात बरा भाव होता.

११/
'सुरत' हा शब्द तेथे जवळजवळ शिवीसारखा झाला. आखूड धागा, गाठीत सरकी आणि कचरा, सूत वारंवार तुटे. मजुरी कामाच्या नगावर असल्याने तुटलेला प्रत्येक धागा म्हणजे कापली गेलेली कमाई. 'देवा, कापूस पाठव, पण सुरत नको' अशी प्रार्थना कोणी विणकराने केली, ही आख्यायिका तेथे अजून सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यातील वैताग खरा आहे.

१२/
इकडे त्याच गाठींनी मुंबईत सोन्याचा पाऊस पाडला. शेअर बाजार उसळला, प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघरी गेले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. कापूस लावून बसलेल्या शेतकऱ्याला या चढउताराचा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता. लँकेशायरचा उपाशी विणकर आणि वऱ्हाडातील कर्जबाजारी शेतकरी एकाच दोऱ्याची दोन टोके होते. त्यांची गाठ कधी पडली नाही, आणि एकाला दुसऱ्याबद्दल जे ठाऊक होते ते गाठीतल्या कचऱ्यापुरते.

१३/
'उद्योग गेला आणि करमणूक आली' अशी या कालव्याची कथा सांगण्याची रीत आहे. काही जण ती आनंदाने सांगतात, काही खेदाने. काहींच्या मते तर आजचे नौकाविहारी म्हणजे कामगारांच्या इतिहासावर अंथरलेली चटई. मला या दोन्ही कथा कच्च्या वाटतात, आणि त्याचा पुरावा कालव्याच्याच जलाशयात आहे.

१४/
लिट्लबरोजवळचा हॉलिंगवर्थ तलाव या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी १८०० च्या सुमारास बांधला गेला. तो कालव्याच्या माथ्याहून खाली असल्यामुळे वाफेच्या यंत्राने पाणी उचलून वर चारीत सोडावे लागे. निव्वळ औद्योगिक वस्तू. परंतु रेल्वे आली, १८५० च्या कारखाना कायद्याने स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांची शनिवारची पाळी दुपारी दोनला संपू लागली, आणि या तलावाच्या काठी विणकर, सूतकताई करणाऱ्या मुली आणि त्यांची कुटुंबे लोटू लागली. १८६० च्या दशकात येथे हॉटेले होती, चाकाच्या आगबोटी होत्या, सहलीच्या खास गाड्या होत्या. लोक त्याला 'विणकरांचे बंदर' म्हणत. इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या कॅप्टन मॅथ्यू वेबने १८७५ च्या त्या पराक्रमाआधी याच तलावात सराव केला होता.

१५/
म्हणजे कालवा ऐन कष्टात असतानाच कष्टकऱ्यांनी त्याच्या पाण्यावर आपली सुटी बसवली होती. ही सुटी कोणी दान केलेली नव्हती. दहा तासांच्या कामाचा १८४७ चा कायदा संसदेतून पार पाडणारा जॉन फील्डन हा याच कालव्याकाठच्या टॉडमॉर्डनचा, आणि तोही स्वतः गिरणीमालक. त्यामागे कामगारांची अनेक वर्षांची चळवळ होती. म्हणून आज एखादे कुटुंब रविवारी या काठावर डबा उघडून बसते, तेव्हा ते इतिहास पुसत आहे असे मला वाटत नाही. त्या रविवारालाही आजोबा-पणजोबा आहेत.

१६/
ऱ्हासाचा भाग थोडक्यात. १९२३ मध्ये जलाशय ओल्डहॅम आणि रॉचडेल शहरांना पिण्याच्या पाण्यासाठी विकले गेले. १९३७ नंतर संपूर्ण कालवा पार करणारी मालवाहू नाव गेली नाही. १९५२ मध्ये मँचेस्टरच्या मध्यवस्तीतील नऊ लॉक वगळता बाकी सारे बंद. पुढे ॲन्कोट्सपासून फेल्सवर्थकडे जाणारा पट्टा मुले बुडू नयेत म्हणून काँक्रीट टाकून उथळ केला गेला. एम ६२ हा महामार्ग कालव्याला आडवा बांधला गेला तेव्हा खालून नावेला जागा ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. फेल्सवर्थला तर कालव्याच्या मार्गावरच सहकारी संस्थेचे भले मोठे दुकान उभे राहिले. आधुनिक सहकारी चळवळीचा उगम १८४४ मध्ये रॉचडेलच्या टोड लेनवर झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या जागेची गंमत कळते.

१७/
१९७४ मध्ये रॉचडेल कालवा संस्था स्थापन झाली आणि लोकांनी हट्ट धरला. या पुनरुज्जीवनाचा एक पैलू पर्यटनाच्या माहितीपत्रकात क्वचित दिसतो. १९७० आणि ८० च्या दशकांत गाळ उपसण्याचे, लॉक दुरुस्त करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सरकारी रोजगार योजनांतून झाले. गिरण्या बंद पडत होत्या, बेकारी वाढत होती, आणि त्याच परिसरातील बेकार हात या कालव्यात उतरले. कापूस-दुष्काळातही असेच झाले होते : १८६३ च्या कायद्यान्वये काढलेल्या कर्जांतून बेकार गिरणी कामगारांना रस्ते, गटारे आणि बागा बांधण्यास लावले गेले. ओल्डहॅमचा अलेक्झांड्रा पार्क त्याच हातांनी घडवला. शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतराने तोच प्रदेश, तीच अरिष्टातली मजुरी, आणि दोन्ही वेळा तिच्यातून उभे राहिले ते फिरायला जाण्याचे ठिकाण.

१८/
अडथळे एकेक करून हटले. सॉवरबी ब्रिजला रस्त्याखालून वाट काढताना जुन्या दोन लॉकच्या जागी एकच खोल लॉक बांधला. १९९६ चा हा ट्युएल लेन लॉक सुमारे वीस फूट खोल आहे आणि ब्रिटनमधील सर्वांत खोल लॉकांत मोडतो. ९२ चे ९१ झाले ते यामुळे. महामार्गाखाली एका शेताकडे जाणाऱ्या भुयारी वाटेतून कालवा वळवून नेला, आणि जागा अपुरी म्हणून पादचाऱ्यांसाठी पाण्यावर तरंगती वाट केली. फेल्सवर्थचे दुकान पाडले. कायद्याने बंद झाल्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी नावा पुन्हा डोंगर चढल्या.

१९/
तर मग माझी हरकत कशाला आहे? वापराला मुळीच नाही, मालकीच्या बदलाकडे डोळेझाक करण्याला आहे. ॲन्कोट्सच्या गिरण्यांत आज महागडी घरे आहेत. 'कालव्याचे दर्शन' हा तेथे किमतीत मोजला जाणारा गुण झाला आहे. जे पाणी एकेकाळी गरिबीची खूण होते, ज्याच्या काठी राहणे म्हणजे धूर आणि दुर्गंधी सोसणे होते, त्याच पाण्याकडे उघडणारी खिडकी आता सामान्य पगारदाराला परवडत नाही.

२०/
तरीही एक गोष्ट या कालव्याच्या बाजूने ठामपणे सांगितली पाहिजे. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने जी वाट होती, ती आज सर्वांना विनामूल्य खुली आहे. तिकीट नाही, फाटकावर पहारेकरी नाही. मँचेस्टरच्या गजबजाटातून निघालेला माणूस त्याच वाटेने चालत डोंगरापलीकडे जाऊ शकतो.

२१/
येथे मला मुंबईचे गिरणगाव आठवते, आणि हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. मुंबईच्या अनेक गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे होती. लँकेशायरचा ऱ्हास आणि मुंबईची भरभराट यांत नाते होते. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळसे परत आत गेलेच नाहीत. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये तो हिशेब फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. उरले काय? वातानुकूलित मॉल, त्यात शोभेसाठी जपलेली चिमणी, आणि दारात सुरक्षारक्षक.

२२/
दोन्ही ठिकाणी कारखान्यांची जागा करमणुकीने घेतली. एका ठिकाणी चालण्याची वाट सर्वांची राहिली, दुसऱ्या ठिकाणी आत येण्यापूर्वी माणसाचे कपडे पाहिले जातात. औद्योगिक वारशाचे जतन चांगले की वाईट, हा वाद मला म्हणून पोकळ वाटतो. जतनानंतर पाय ठेवायला जागा कोणाला मिळाली, एवढे विचारले तरी बरेच कळते.

२३/
रॉचडेल कालव्याच्या कथनातही माणसे गाळलेली आहेतच. १९५० नंतर रात्रपाळीला स्थानिक कामगार मिळेनात तेव्हा ओल्डहॅम आणि रॉचडेलच्या गिरण्या पाकिस्तान आणि आजच्या बांगलादेशातून आलेल्या कामगारांच्या बळावर चालल्या. गिरण्या बंद झाल्या त्या मुख्यतः त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांची मुले-नातवंडे कालव्यालगतच्याच वस्त्यांत राहतात. मिसिसिपीतील मळ्यावरचा गुलाम, हिंगणघाटचा शेतकरी, मीरपूरहून आलेला रात्रपाळीचा कामगार, या तिघांना वगळून हा कालवा सांगता येतो, पण मग तो खरोखरच 'कालातीत' होऊन बसतो.

२४/
आणि शेवटी पुन्हा पाणी. १९२३ ची ती विक्री अजून बोचते : कोरड्या उन्हाळ्यांत कालव्याचे काही भाग नावांसाठी बंद ठेवावे लागतात. शिवाय पैसा. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधील बहुसंख्य कालवे 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' या धर्मादाय संस्थेकडे आहेत. २०२३ मध्ये सरकारने २०२७ पासूनच्या दहा वर्षांसाठी ४० कोटी १० लाख पौंडांचे अनुदान जाहीर केले, जे वर्षागणिक घटत जाणार आहे. लॉकची दारे ओक लाकडाची असतात, साधारण पंचवीस वर्षांनी बदलावी लागतात. २००२ च्या आगेमागे बसवलेली दारे आता त्या वयाला आली आहेत. पायवाटेवरून चालणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत, आणि माझ्या मते घेऊही नयेत. मग त्या दारांचे पैसे संसदेनेच दिले पाहिजेत, कारण दोनदा या कालव्याचा निकाल तिनेच लावला होता.